म्हातारीच्या कुशीतली घळ

ग्लेन ब्राख, स्काय
३ सप्टेंबर १९३४

प्रिय इफी,

पेटी मिळाली की आधी कानाशी धरून हलव. आतून खळखळ ऐकू आली तर मला कळवूच नकोस. पेटी सरळ नदीत टाक आणि आईला कळव की मर्डो गेला. नऊ दिवस मी त्या डोंगरासमोर भिजलेल्या मेंढीसारखा बसून होतो. सकाळी धुकं, दुपारी पाऊस, संध्याकाळी दोन्ही. दहाव्या दिवशी म्हातारीने तोंडावरचं पांघरूण काढलं, तेही वीस मिनिटं. तेवढ्यात या बारा काचांवर बारा फोटो उरकले.

यातली सात नंबरची काच जिवापाड जप. तीच पत्रकावर छापायची आहे. म्हातारी आणि सून ही दोन्ही शिखरं तिच्यात आली आहेत, मधली खिंडही, आणि खिंडीतून ग्लेनमध्ये, म्हणजे आमच्या दरीत, उतरणाऱ्या दोन्ही घळी. म्हातारीच्या कुशीतली घळ दिसायला भयंकर, पण घसरत घसरत माणूस खाली सुखरूप येतो. सुनेकडची सुरुवातीला गवताची, मऊ, गोड. दोनशे फूट उतरलं की संपली. पुढे नुसती हवा. सूनच ती, दुसरं काय!

गेल्या उन्हाळ्यात तिने दोघं घेतले. एक शाळामास्तर आणि एक शिकणारा मुलगा. दोघांनाही मीच पाठीवर खाली आणलं. त्या मुलाचे बूट नवे कोरे होते, इफी, तळव्यांवर दुकानाचा शिक्का तसाच होता. धुक्यात वर काही दिसत नाही आणि होकायंत्र तिथल्या दगडाने वेडं होतं, सुई गरगर फिरते. म्हणून हॉटेलच्या रेनीसाहेबांच्या मागे लागून लागून पत्रक काढायला लावलं. म्हातारीच्या घळीतून मी काचेवरच रेघ ओढली आहे, छापल्यावर ती पांढरी उठेल. खाली एवढंच छापायचं: ‘ग्लेनमधून दिसणारी खिंड. पांढऱ्या रेघेनेच उतरावे.’ वाचायचा कंटाळा असलेल्या माणसालाही कळेल. यापुढे मला कुणाला पाठीवर आणायचं नाही.

वार्निश दिल्यामुळे काचेच्या दोन्ही बाजू सारख्याच चकाकतात, म्हणून नेहमीसारखी खूण केली आहे. उजव्या खालच्या कोपऱ्यात छोटी फुली. फुली उजवीकडे दिसली की काच सरळ. तुला काय सांगायचं म्हणा, सहा वर्षं माझ्या काचा तूच छापते आहेस.

फिनलेला नमस्कार. पोटातल्याला सांग, मामा काळा आणि केसाळ आहे, घाबरू नकोस.

तुझा
मर्डो


ग्लासगो
१७ सप्टेंबर

मर्डो,

काचा पोचल्या. एकही फुटलेली नाही. पण पेटीत ओटचं पीठ भरायची अक्कल कुणाची? माझ्या टेबलाखाली पीठच पीठ. मालक येऊन म्हणाले, “मिसेस गिलीस, छापखान्यात भाकऱ्या थापायला बसलात का?” मी ते पीठ गोळा करून घरी नेलं आणि खरंच भाकऱ्या केल्या. त्यांना वार्निशचा वास येत होता. फिनलेने चार खाल्ल्या. कारखाना बंद पडल्यापासून तो समोर येईल ते खातो आणि बरं झालंय म्हणतो.

सुनेबद्दल जे लिहिलंस ते मी माझ्या सासूबाईंना वाचून दाखवलं नाही. तू लग्न का केलं नाहीस ते मात्र मला कळलं. केलं नाहीस ते त्या बिचारीचं नशीब.

सात नंबर छापताना मी रडले, रे. आधी वाटलं या दिवसांत रडू येतंच. पण कागद पाण्यात हलवत होते आणि हळूहळू म्हातारी वर आली, वाकलेली पाठ, शेजारी ताठ मानेची सून. मी परत ऑर्नेशच्या दारात उभी होते. हातात दुधाची बादली, मागे आई ओरडते आहे की डोंगर कुठे पळून जात नाही, आधी बादली आत आण. इथे खिडकीवर वाफ धरली की मी बोटाने तीच दोन शिखरं काढते. फिनले हसतो. म्हणतो, माझ्यावर सवत आणली आहे, तीही डोंगराची.

बाकी तुझ्या हातांना गारठा बाधायला लागला बघ. एका काचेवर खूण भलत्याच बाजूला केली होतीस. मी बघताक्षणी ओळखलं आणि निस्तरलं. इथली दुसरी कुणी असती तर फुली बघून तशीच छापून मोकळी झाली असती. तेव्हा उपकार मान, आणि नाताळात मेंढीची तंगडी पाठव.

पहिली दोनशे पत्रकं तयार आहेत. फिनले म्हणतो पोस्टाला कशाला पैसे घालायचे, मीच घेऊन जातो. त्याला एकदा तो डोंगर बघायचा आहे. बाळ नोव्हेंबरात येणार, त्याआधी जाऊन येईल. तुला सांगू नकोस म्हणाला आहे, म्हणून सांगत नाही. कधी आणि कुठल्या बाजूने येईल ते मलाही ठाऊक नाही.

इफी


ग्लेन ब्राख
१३ ऑक्टोबर

इफी,

तारेत सगळं लिहिता येत नाही म्हणून हे पत्र. डॉक्टरांनी तुला बोटीत बसू दिलं नाही ते योग्य केलं. तू इथे असतीस तर काही बदललं नसतं.

तो गुरुवारी आईकडे ऑर्नेशला उतरला. दोन दिवस राहिला. आईची गळकी किटली दुरुस्त केली, दाराच्या बिजागऱ्यांना तेल दिलं. आई म्हणते, असा जावई तीन घरांत मिळून नाही. शनिवारी सकाळी तो खिंडीवरून इकडे माझ्याकडे यायला निघाला. धुकं भिंतीपर्यंत खाली होतं. तो आला त्या दिवसापासून डोंगर दिसलाच नव्हता. आई म्हणाली, थांब. तो म्हणाला, “उद्या रविवार, देवाचा वार, उद्या तर तुम्ही मला दाराबाहेर पाऊलही टाकू देणार नाही. आज मर्डोकडे पोचतो, सोमवारी परततो. इफीचे दिवस भरत आले आहेत.” आईने भाकरी आणि खारवलेला मासा बांधून दिला.

आईला वाटलं पोचला. मला तो त्या दिवशी येतो आहे हे माहीत नव्हतं. रविवारी दोन्हीकडची माणसं चर्चमध्ये. सोमवारी धनगराच्या कुत्र्यांनी दाखवलं. सुनेकडच्या घळीखाली.

तो लगेच गेला, इफी. मी अशी माणसं पाहिली आहेत, मला कळतं. खोटं सांगत नाही. मीच त्याला उचललं, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

गुरुवारी ऑर्नेशला पुरलं. पेटी न्यायला चौदा माणसं आली, आठ-आठ पावलांवर खांदा बदलत. जमीन समुद्राकडची आहे, कोरडी.

धुक्याने घात केला. दुसरं काही नाही. पत्रकं त्याच्या पिशवीत भिजून लगदा झाली होती, मी जाळून टाकली. त्यांचं आता काही नको. रेनीसाहेबांना मी सांगितलं आहे.

आईकडे येऊन राहा. बाळ झालं की मी न्यायला येतो.

मर्डो


ग्लासगो
२२ ऑक्टोबर

मर्डो,

तुझं पत्र मी इतक्या वेळा वाचलं की घड्यांवर फाटलं आहे. एक गोष्ट मला समजत नाही. तू ती सांगत नाहीस.

तू फिनलेला ओळखत होतास का? तो नव्या जिन्यावर पाय टाकण्याआधी पायऱ्या मोजायचा. बॉयलरचा आराखडा तीन वेळा वाचल्याशिवाय खिळ्याला हात लावायचा नाही. पत्रक छापून आलं त्या दिवसापासून ते त्याच्या उशाशी होतं. जेवताना मिठाची बाटली आणि पेला मांडून मला दाखवायचा, “ही म्हातारी, ही सून, मी असा मागून येणार, इथे वळणार.” डोळे मिटून सांगू शकला असता. आणि तो माणूस सुनेच्या घळीत उतरतो? धुकं होतं म्हणून? धुक्यासाठीच तर ते पत्रक होतं!

तू ती पत्रकं का जाळलीस? लगदा झालेली पत्रकं जाळायला पीटच्या ढेकळांचा विस्तव किती लागतो ते मलाही ठाऊक आहे, मी त्याच चुलीपुढे वाढले. ओला कागद कुणी मुद्दाम जाळत नाही. त्यात काहीतरी होतं म्हणून जाळलीस.

मी सांगू? तुझी रेघ चुकली. वीस मिनिटं मिळाली म्हणून घाईघाईत उरकलंस आणि भलत्याच घळीत रेघ ओढलीस. मला सांग की असं नाही. सांग ना. बारा वर्षं त्या डोंगरावर वाटाड्या म्हणून मिरवतोस, आणि माझ्या माणसाला एक रेघ धड काढून देता आली नाही तुला.

शेजारणी येतात, सूप ठेवून जातात, सगळ्या म्हणतात देवाची इच्छा. मला देव नको आहे, मला उत्तर हवं आहे.

इ.


ग्लेन ब्राख
३० ऑक्टोबर

इफी,

तू म्हणतेस ते खरं आहे. चूक माझी.

रेघ बरोबर होती. फोटो उलटा छापला गेला होता. आरशात दिसावा तसा, डावीकडचं उजवीकडे. मी खूण करताना काच उलटी धरली होती. नऊ दिवसांच्या पावसाने बोटं बधिर झाली होती, दिवा कमी होता, मी फुली भलत्याच बाजूला ओरखडली. तू बिचारीने फुली बघून छापलंस. तुझा काय दोष? ज्याने खूण केली त्याचा दोष.

त्याच्या हातात पत्रक होतं. ते उलगडून बघितलं आणि डोंगर उलटा दिसला. म्हणून जाळली.

तू मागे एक खूण निस्तरल्याचं लिहिलं होतंस, ती दुसरी कुठली तरी काच असणार. मेंढ्यांची असेल. आता ते आठवत बसू नकोस. काही आठवू नकोस. तुला जितकं बोलायचं आहे तितकं मला बोल. पत्रातून बोल, इथे येऊन बोल, आयुष्यभर बोल. मी ऐकून घेईन.

कॅमेरा विकून टाकला. पाळण्यासाठी पैसे पाठवत आहे, परत पाठवू नकोस.

मर्डो


ग्लासगो
१४ नोव्हेंबर

मर्डो,

मुलगी झाली, पाच तारखेला. नाक फिनलेचं आहे. तिला बघून मला काही वाटत नाही. वाटेल म्हणतात.

बाळंतपणानंतर आठव्या दिवशी मी उठून छापखान्यात गेले. मालक घाबरले, त्यांना वाटलं मी चक्कर येऊन पडते. मी म्हटलं, मला फक्त सात नंबरची काच बघायची आहे.

तुला खोटं बोलता येत नाही, मर्डो. लहानपणीही यायचं नाही. तू लिहितोस, खूण उलटी होती आणि मी ती बघून छापलं. पण मी ती बघून छापलंच नाही. मेंढ्यांची काच नव्हती ती. सात नंबरच होती. मी काच उजेडात धरली, फुली उजव्या खालच्या कोपऱ्यात होती, तुझी नेहमीची बारीक फुली. आणि मी स्वतःशीच हसले की बघा, दादा चुकला. कारण म्हातारी डावीकडे होती आणि सून उजवीकडे. मी जन्मापासून म्हातारीला उजवीकडे बघितलं आहे. दारातून, गोठ्यातून, शाळेच्या वाटेवरून. मी काच उलटवली. मग सगळं जिथल्या तिथे आलं आणि मला रडू आलं.

ते आपल्या दारातून दिसतं, मर्डो. मागून. तू ग्लेनमधून फोटो काढला होतास. त्याखाली ‘ग्लेनमधून दिसणारी खिंड’ ही अक्षरंसुद्धा मीच जुळवली. मी आयुष्यात एकदाही ग्लेनमध्ये गेलेले नाही. आपल्या घरातल्या बायका कधी डोंगर ओलांडून गेल्या आहेत? दुसऱ्या बाजूने तो वेगळा दिसत असेल हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही. ग्लासगोची एखादी पोरगी असती तर तिने मुकाट्याने फुली पाळली असती. मी घरची होते ना. मला जास्त कळत होतं.

आणखी एक ऐक. रात्रंदिवस माझ्या डोक्यात हेच चालतं, ते कुठेतरी लिहून टाकू दे. चित्रात रेघ उजवीकडे होती. फिनले जरा अडाणी असता तर खिंडीत पोचून सरळ उजव्या हाताला वळला असता. आणि ती खरी घळ होती. वाचला असता. पण तो आराखडे वाचणारा. खालची ओळ त्याने वाचली होती, चित्र समोरून काढलंय हे त्याला ठाऊक होतं, आपण पाठीमागून आलो म्हणजे उजवं ते डावं हे त्याने बरोबर हिशेबात धरलं. मिठाच्या बाटलीवर मला तेच तर दाखवायचा. मी कौतुकाने बघायचे.

त्याने काही चूक केली नाही. तू काही चूक केली नाहीस. आणि मी तुला काय काय लिहिलं. ते पत्र जाळ. एवढं तरी जाळ.

उरलेली छपाई मी थांबवली. काच जमिनीवर टाकून टाचेने चुरली. मालकांनी स्वतः झाडू आणला.

इफी


ग्लेन ब्राख
२६ नोव्हेंबर

इफी, बाळ,

तुझं पत्र घेऊन मी दोन दिवस नुसता फिरत होतो.

मी काही चूक केली नाही म्हणतेस. तुझं सप्टेंबरातलं पत्र मला वीस तारखेलाच मिळालं होतं. हॉटेलच्या ओट्यावर उभं राहून वाचलं. खूण भलत्याच बाजूला होती हे वाचून मला हसू आलं. वाटलं, असेल बुवा, म्हातारा झालो. कुठली काच, एवढं मी विचारलं नाही. एक ओळ लिहायची होती. पंधरा दिवस हातात होते. मी तुझ्यासाठी तंगडी कुठली निवडायची याचा विचार करत होतो. म्हणून तू जे लिहिलंस ते मला लागू आहे. मी ते जाळणार नाही.

आता एक अडचण आहे. मला ती एकट्याने सोडवता येत नाही.

मी सगळी पत्रकं जाळली म्हणालो, पण एक राहिलं होतं. फिनलेने आल्या आल्या आईला दिलं होतं. परवा तिच्याकडे गेलो तर ते चुलीवरच्या भिंतीवर, वडिलांच्या फोटोशेजारी लावलेलं. काच बसवून, चौकटीत. सुताराकडून करून घेतली. मी उभाच राहिलो. आई म्हणाली, “बघतोस काय असा? माझ्या पोरीने छापलंय. तू इतकी वर्षं फोटो काढतोस, तुझा डोंगर मला कधी ओळखू आला का? सगळे उलटेपालटे. हा बघ, दारातून दिसतो तस्सा.” आणि मला हाताला धरून दारात नेलं. धुकं नव्हतं. एकदा भिंतीकडे बोट, एकदा डोंगराकडे.

येईल त्याला दाखवते. पाद्रीबाबांना दाखवला. फिनलेने शेवटचा दिलेला आहे म्हणून सकाळी उठून त्यावरून फडकं फिरवते. त्याच्यासमोर प्रार्थनेला बसते. पांढरी रेघ कशाची म्हणून तिने मला विचारलं. मी सांगितलं, ओढा आहे.

काढून टाकू का? काय सांगून काढू? तू वसंतात मुलीला घेऊन येणार, चुलीपुढेच बसणार, म्हणून विचारतो. आई पाळण्याची जागासुद्धा ठरवून बसली आहे. त्या चौकटीखालीच, ऊब असते म्हणून. तू म्हणशील तसं करतो.

मुलीचं नाव कळव.

मर्डो


ग्लासगो
४ डिसेंबर

मर्डो,

नाव अजून ठेवलेलं नाही.

चौकट काढू नकोस. आईला काही सांगू नकोस, तिला तेवढं एकच आहे. कुणी विचारलं तर ओढाच सांग.

मी येणार नाही. वसंतात नाही, कधीच नाही. आईला सांग, मुलीला बोट सोसत नाही. चौकटीला मी घाबरत नाही, तिच्यासमोर एक वेळ बसेनही. पण आई मला हाताला धरून दारात नेईल. मी डोंगराकडे बघेन, आणि मर्डो, तो मला अजूनही बरोबर दिसेल.

इफी